तेरा किलोचे बारा

११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मामीकडे निरोप दिला की ती त्यात अर्धा स्वतःच्या मनाचा घालते, म्हणून हे पत्र. बसून वाच. मी शाळेत जायला लागले आहे.

कपड्यांचा कारखाना बंद पडला हे आईने कळवलंच असेल. सोळा वर्षं मी शर्टांना बाह्या जोडल्या. आता घरीच मशीन घेऊन बस, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मला ते नको होतं. इथल्या धंदेशिक्षणाच्या शाळेत फ्रिज, एसी आणि शीतगृहांच्या कामाचा सहा महिन्यांचा वर्ग चालतो, तिथे जाऊन नाव घातलं. लहानपणी तुझ्या हत्यारांच्या पेटीत हात घातला म्हणून तू मला धपाटा दिला होतास. त्याचा हा सूड समज.

वर्गात आम्ही एकोणीस जण. सगळ्यांत मोठी मी. पाइप वाकवणं, जोडणं मला पहिल्याच आठवड्यात जमलं, पण परवा गणित-मापनाची चाचणी झाली आणि मला पंचवीसपैकी सात. सर म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा. गणिताशी काय भांडण आहे?" मी काय सांगणार? तीन अष्टमांश अधिक पाच सोळांश म्हटलं की माझी पेन्सिल अडते. टक्के तर विचारूच नकोस. लेक सातवीत आहे, तिच्याकडून शिकायला बसले तर ती उशीत तोंड खुपसून हसते.

तू बत्तीस वर्षं हेच काम केलंस. तू कसं शिकलास ते लिही. आणि मामीला सांग, मी बरी आहे, वाळले नाही.

तुझी ठकू

१८ फेब्रुवारी

चि. ठकू,

पत्र दोनदा वाचलं. मामीला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे मी मोठ्याने वाचलं असावं, कारण शेजारचे मास्तर अभिनंदन करायला आले.

तुझं गणिताशी भांडण नाही. तुझं वहीतल्या आडव्या रेघेशी भांडण आहे. ती रेघ काढून टाक. कारखान्यातल्या शिंप्याला विचार, एक सूत म्हणजे किती? इंचाचा आठवा भाग. सोळा वर्षं तू कॉलरला दीड सूत आणि बाहीला तीन सूत शिलाई सोडलीस, तेव्हा कुठे अडलीस? तांब्याचा पाइपही आम्ही सुतातच मोजायचो. तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत. पाच सोळांश म्हणजे अडीच सूत. मिळून साडेपाच सूत. झालं गणित. सरांना उत्तर कागदी भाषेत हवं असेल तर शेवटी लिहून दे, अकरा सोळांश. मनातल्या मनात मात्र सुतातच राहा.

दुसरी गोष्ट. कोणतंही मापयंत्र हातात घेतलंस, गेज असो, तापमापक असो, वजनकाटा असो, की आधी शून्य बघायचं. काही न लावता काटा शून्यावर उभा आहे का? असेल तर पुढचं मोज. एवढा एक नियम पाळलास तरी निम्म्या मिस्त्रींच्या पुढे जाशील.

कान तसेच आहेत. कॉम्प्रेसरच्या खोलीत आयुष्य काढलं की असंच होतं.

दर पंधरा दिवसांनी मला खऱ्या कामातला एक हिशेब पाठव. मला इथे दुसरा उद्योग नाही.

मामा

१२ मार्च

प्रिय मामा,

एकोणीस. पंचवीसपैकी. लेकीने हसणं बंद केलं आहे, आता तीच मला विचारते, सूत म्हणजे काय.

या महिन्यापासून आम्हाला प्रत्यक्ष कामावर पाठवलं आहे. मला गॅसच्या गोदामात दिलं. मोठ्या टाकीतून लहान सिलिंडरमध्ये थंड करायचा गॅस भरायचा आणि तो दुरुस्तीवाल्यांना, दुकानांना, शीतगृहांना विकायचा, असा धंदा. पुढे मालकाची काचेची खोली, मागे भरायची जागा, तिच्या मागे पत्र्याची शेड, भरलेले सिलिंडर ठेवायला.

भरणाऱ्या माणसाला सगळे वस्ताद म्हणतात. साठीला आलेला, उंच, मान जरा पुढे. दिवसाला चार सिलिंडर भरतो, सकाळच्या गारव्यात, घाई न करता. माझं काम लिहायचं. तुला हवा होता ना हिशेब, घे. प्रत्येक सिलिंडर पन्नास लिटरचं. रिकामं वजन गळ्यावर ठोकलेलं असतं, २६ किलो. आत गॅस भरायचा ४८ किलो. म्हणजे काट्यावर ७४ आले की व्हॉल्व्ह बंद. रोज सकाळी मी काट्याचं शून्य बघते. एकदम बरोबर असतं. काटा नुकताच दुरुस्त होऊन आला आहे, डबा घासून पुसून लख्ख केलेला.

वस्ताद बोलत नाही फारसं. भरून झालं की सिलिंडर जरासं कलवून बघतो आणि ओठ मुडपतो. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "काही नाही. हात म्हातारा झाला बहुतेक."

एक विचारायचं आहे. ४८च का? सर म्हणाले ऐंशी टक्के. पण ऐंशीच का, पूर्ण का भरायचं नाही?

तुझी ठकू

१९ मार्च

चि. ठकू,

एकोणीसबद्दल मामीने शेजाऱ्यांना चहा पाजला.

तुझा प्रश्न बरोबर आहे. तुझ्या गॅसचं एक लिटर भरतं साधारण सव्वा किलोला थोडं कमी, १.२ धर. ४८ भागिले १.२, आले ४० लिटर. पन्नासातले चाळीस म्हणजे ऐंशी टक्के. वरची दहा लिटर जागा मोकळी ठेवायची, कारण गॅस सिलिंडरमध्ये पातळ होऊन बसलेला असतो आणि ऊन लागलं की तो फुगतो. त्याला फुगायला जागा हवी.

जागा उरली नाही तर काय होतं ते सरांना विचार. मला त्यावर लिहायला आवडत नाही.

मामा

२ एप्रिल

प्रिय मामा,

इथे एक भानगड झाली आहे आणि तिच्यात मी नको तितकी अडकले आहे.

मालकाने मला काचेच्या खोलीत बोलावलं. म्हणाला, "बाई, तुम्हाला हिशेब येतो म्हणे. मोठ्या टाकीचा हिशेब करून दाखवा." टाकीला बाहेरून पातळी दाखवणारी नळी आहे, लिटरच्या खुणा असलेली. मी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ ती वाचली. रोज चार सिलिंडर भरतात. चार गुणिले ४८ म्हणजे १९२ किलो गॅस जायला हवा. पण टाकीची पातळी रोज १८० लिटर उतरते. १८० गुणिले १.२ म्हणजे २१६ किलो. रोज २४ किलो गॅस कुठेतरी जातो. मी तीन वेळा केलं, लेकीकडून करून घेतलं. तेच येतं.

मालक म्हणाला, "म्हणजे आठवड्याला तीन सिलिंडर. मला वाटलंच होतं." आणि तो काचेतून वस्तादकडे बघत राहिला. वस्ताद नळीचं टोक पुसत होता. त्याला काही माहीत नव्हतं.

मालकाला हे माझ्या अक्षरात, माझ्या सहीने लिहून हवं आहे. म्हणतो, शाळेचा माणूस त्रयस्थ असतो. मी थोडे दिवस मागून घेतले. मामा, वस्ताद चोरी करणारा वाटत नाही. पण आकडा माझ्यासमोर आहे. पूर्वी मला आकड्यांची भीती वाटायची, आता आकडा बरोबर आला म्हणून वाटते आहे.

लवकर लिही. उकाडा सुरू झाला आहे.

तुझी ठकू

८ एप्रिल

चि. ठकू,

हिशेब बरोबर आहे. मीही करून बघितला.

गॅस दोनच वाटांनी जातो. एक, गळती. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लाव, फुगे येतात का बघ. रोज २४ किलोची गळती असेल तर लपणार नाही, फुसफुस ऐकू येईल, जोडावर बर्फ धरेल. दुसरी वाट, माणसाचा हात.

गळती नसेल तर काय ते तुला कळतंच आहे. आकडा माणसाचा चेहरा बघत नाही. माणूस चांगला वाटणं वेगळं. तू लिहिलेलं खरं असेल तर सही करायला भिऊ नकोस.

जास्त लिहीत नाही. दोन रात्री झोप नीट नाही.

मामा

१७ एप्रिल

प्रिय मामा,

तू सांगितलंस तसं केलं. सगळ्या जोडांना साबण लावला. एक फुगा नाही. दहा तारखेला मी सही केली.

मालकाने वस्तादला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. वस्तादने कागद हातात घेतला, आकडे नाही बघितले, खालची सही बघितली. मग मला म्हणाला, "बाई, सिलिंडर जड लागतंय असं महिनाभर म्हणतोय मी. कुणी मनावर घेत नाही. काटा चौऱ्याहत्तर म्हणतो म्हणून मीही गप्प बसलो." बस एवढंच. डबा उचलला आणि गेला. बावीस वर्षं तिथे होता.

आता ऐक. त्याच्या जागी मालकाचा मेहुणा भरतो. वस्ताद गेल्याला आठवडा झाला, टाकी अजून १८० लिटरच उतरते. गळती नाही, वस्ताद नाही, आणि २४ किलो रोज जातातच. मी मालकाला म्हटलं. तो म्हणाला, नळीच्या खुणा चुकीच्या असतील, सोडा आता.

मी सोडू शकत नाही. काल एक रिकामं सिलिंडर काट्यावर ठेवून बघितलं. गळ्यावर २६ ठोकलं आहे, काट्यावर २४ आले. मालक म्हणाला, जुनं आहे, पत्रा झिजला असेल. पण सगळे तर नवेच दिसतात, कारण त्याने गेल्या महिन्यात सगळ्यांना जाड हिरवा रंग मारून घेतला. इतका जाड की वरच्या व्हॉल्व्हजवळची बारीक भोकंसुद्धा बुजली आहेत.

शेडमध्ये आता पाय ठेववत नाही. दुपारी तापमापक आत टांगून बघितला, सेहेचाळीस. कालपासून संध्याकाळी तिथून मधेच टक् असा आवाज येतो. मेहुणा म्हणतो पत्रे आवळतात.

मी चूक केली का मामा? माझ्या हिशेबात कुठे चूक आहे ते सांग. वस्तादच्या घरावरून जावं लागतं म्हणून मी लांबच्या रस्त्याने जाते.

ठकू

२२ एप्रिल

ठकू,

हे पत्र मिळेल तिथे उभ्याने वाच. मी तातडीच्या टपालाने पाठवतो आहे. पत्र आल्याबरोबर मास्तरांना फोन करायला लावला. तुझा लागला नाही, गोदामातला मालकाने "ती कामात आहे" म्हणून ठेवून दिला. शाळेत कुणी उचलत नाही.

शेडमध्ये जाऊ नकोस. कुणाला जाऊ देऊ नकोस.

तुझ्या हिशेबात चूक नाही. चूक काट्यात आहे. मी तुला शून्य बघायला शिकवलं आणि तिथेच थांबलो. कापडी टेप जुनी होऊन ताणली जाते ना, तिचंही शून्य बरोबरच असतं. पुढचा प्रत्येक इंच मात्र लांब झालेला असतो आणि माप कमी भरतं. तुझा काटा तसा आहे. सव्वीसाला तो चोवीस दाखवतो, म्हणजे तेराला बारा. चौऱ्याहत्तर दाखवतो तेव्हा खरे ऐंशी असतात. ऐंशीतून सव्वीस गेले, चोपन्न. प्रत्येक सिलिंडरमध्ये ४८ नाही, ५४ किलो आहेत. सहा जास्त. चार सिलिंडरचे चोवीस.

तो गॅस चोरीला गेला नाही ठकू. तो तुझ्या मागच्या शेडमध्ये उभा आहे.

५४ भागिले १.२, पंचेचाळीस लिटर. नव्वद टक्के. पन्नास अंशांच्या आसपास गॅस फुगून सिलिंडर काठोकाठ भरतं. त्यानंतर एक अंश वाढला तरी त्याला जागा नाही आणि पातळ वस्तू दाबली जात नाही. लोखंड फाटतं. जास्तीचा दाब सोडायला वर जी भोकं असतात ती तुझ्या मालकाने रंगाने बुजवली. तू सेहेचाळीस लिहिलंस ते पाच दिवसांपूर्वी.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः मोज. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वीस लिटरचे तीन कॅन मापून भर आणि काट्यावर ठेव.

आता जे तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही ते सांगतो. माझे कान कॉम्प्रेसरने गेले नाहीत. बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं ते अकरावं वर्ष. आमच्याकडेही असाच हिशेबात गॅस कमी यायला लागला. नोंदवही माझ्याकडे होती. भरणारा माझा जोडीदार, एका खोलीत राहायचो, एका डब्यात जेवायचो. मी हिशेब मांडला आणि सही केली. त्याला काढलं. नवव्या दिवशी सिलिंडर फुटलं. मी दाराशी होतो म्हणून कानांवर भागलं. झाडलोट करणाऱ्या बाई आत होत्या.

त्यानंतर मला काटा कळला. पण जोडीदाराच्या दारात मी कधी गेलो नाही.

तुझं दोन एप्रिलचं पत्र आलं तेव्हा हे सगळं मला आठवलं होतं. हात थांबला होता. तरी मी लिहिलं की दोनच वाटा. तिसरी लिहिली असती तर मला ती कशी ठाऊक, हे लिहावं लागलं असतं. दोन रात्री झोप नव्हती ती त्यामुळे. तुझ्या सहीचं पाप माझ्याकडे आहे.

वस्तादच्या दारात जा. आजच.

मामा

२९ एप्रिल

मामा,

मी आहे. आधी तेवढं लिहिते.

पत्र पंचवीसला दुपारी घरी आलं, संध्याकाळी मी वाचलं. सव्वीसला सकाळी सातला जाऊन तीन कॅन भरले. साठ लिटर पाणी आणि रिकाम्या कॅनचं मिळून तीन किलो. त्रेसष्ट. काट्यावर अठ्ठावन्न. मेहुणा बाजूला उभा होता, त्याने स्वतः वाचलं आणि भरायची नळी खाली ठेवून तो घरी निघून गेला.

मालक दहाला आला. मी हिशेब मांडला. त्याने सगळा ऐकून घेतला, मग म्हणाला, "या शेडमध्ये हजारो सिलिंडर ठेवले आम्ही. आजवर काही झालं?" मी म्हटलं, काटा मार्चपासून बिघडलाय आणि ऊन आता पडतंय. तो म्हणाला, "संध्याकाळी गार झाल्यावर बघू." आणि फोन फिरवायला लागला.

मी वस्तादकडे गेले. जवळच्या रस्त्याने. दार त्याच्या सुनेने उघडलं, मला बघून आत गेली. तो बाहेर आला, बसा म्हणाला नाही. मी उभ्यानेच तुझं पत्र वाचून दाखवलं, फक्त काट्याचा भाग. त्याने शेवटी विचारलं, "शेडमध्ये किती आहेत?" मी म्हटलं, अकरा. त्याने चपला घातल्या.

आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. मी सरळ शेडच्या कडीला हात घालायला निघाले. त्याने माझं मनगट धरलं. "आधी पाणी," म्हणाला, "आणि लांबून." त्याने पुढच्या नळाला रबरी नळी लावली, मला भिंतीमागे उभं केलं आणि पत्र्यावर धार सोडली. पाणी पत्र्याला लागलं की वाफ व्हायची. मालक ओरडत बाहेर आला की माल भिजतोय. वस्ताद त्याच्याकडे न बघता म्हणाला, "शेठ, मागे व्हा." मालक मागे झाला नाही.

आवाज मला आठवत नाही. शेडचं दार अंगणात आडवं पडलेलं आठवतं, आणि वरचा पत्रा रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीला टेकून उभा होता, कुणी नीट लावून ठेवल्यासारखा. मालकाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. जीव वाचला आहे. वस्तादच्या कपाळाला खोक पडली, पण त्याच्या हातातली नळी सुटली नव्हती. तो उरलेल्या दहांवर पाणी मारत राहिला. बंब आला तेव्हा कुठे खाली बसला.

माझ्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ आहेत अजून. कडीला हात लावला असता तर हे पत्र लिहायला मी नसते.

मामा, संपलेलं नाही. मार्चपासूनचे सिलिंडर गावभर गेले आहेत. बरेच वापरून रिकामे झाले असतील. वहीवरून मी आणि सरांनी काढलं, अजून भरलेले अडतीस असावेत. कुठे कुठे उन्हात उभे असतील. उद्यापासून आम्ही निघतो.

तुझ्यावर मी रागावले आहे. ते जाईल, पण आज आहे.

ठकू

६ मे

चि. ठकू,

राग ठेव. घाई करू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी गाडी पकडून मी जोडीदाराच्या गावी गेलो. एकवीस वर्षांनी. घर सापडलं. तो सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या बायकोने मला बसायला दिलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, काहीही न वगळता. तिने ऐकून घेतलं. मग ती बराच वेळ काहीतरी बोलली. मला एक शब्द ऐकू आला नाही, आणि पुन्हा सांगा म्हणायची हिंमत झाली नाही. तिने दारापर्यंत पोचवलं.

तुझं वस्तादशी नीट बोलणं झालं का? तो ऐकायला समोर आहे तोवर बोलून घे.

सिलिंडर किती सापडले ते कळव. सावलीत, ओल्या गोणपाटात, उभे. उचलताना आपटू नका.

मामा

२३ मे

प्रिय मामा,

सदतीस.

रोज सकाळी सहाला मी, वस्ताद आणि सर शाळेच्या टेम्पोतून निघतो. दहाच्या पुढे थांबतो, कारण उन्हात सिलिंडर हलवायचं नाही असं वस्तादने पहिल्याच दिवशी ठरवलं. दुकानं, खानावळी, मासळीची गोदामं, एका इस्पितळाच्या गच्चीवर दोन. लोक आधी दार लावतात, मग वस्तादच्या कपाळावरची पट्टी बघून उघडतात. प्रत्येक सिलिंडर आम्ही नव्या काट्यावर ठेवतो. हा काटा मी स्वतः पाण्याने तपासला आहे, दहा, वीस, चाळीस, साठ, ऐंशी. मी वाचते, सर लिहितात. ऐंशी, ऐंशी, एकोणऐंशी, ऐंशी. मग वस्ताद जास्तीचा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतो आणि माझ्याकडे बघतो. मी चौऱ्याहत्तर म्हटलं की व्हॉल्व्ह बंद करतो.

तू विचारलंस, बोलले का. बोलले. गोदामाच्या फाटकावर मी कागद लावला आहे. त्यात लिहिलं आहे की माझा दहा एप्रिलचा हिशेब चुकीच्या काट्यावर केलेला होता, चोरी झाली नव्हती, आणि सिलिंडर जड आहे हे वस्ताद महिनाभर सांगत होते. खाली तीच सही, तितकीच मोठी. वस्तादने उभं राहून वाचलं. "अक्षर चांगलंय तुमचं," म्हणाला. आमच्या घरी मात्र येत नाही. टेम्पो दारात थांबतो तेव्हा लेक त्याला पाणी नेऊन देते, ते घेतो.

अडतिसावं सापडत नाही. वहीप्रमाणे ते चौदा एप्रिलला एका दुकानात गेलं. दुकानदाराने ते फिरत्या दुरुस्तीवाल्याला दिलं. तो बंद गाडीतून गावोगाव हिंडतो, गाडीतच सामान ठेवतो. नाव दुकानदाराला माहीत नाही. गाडी पांढरी, मागची एक काच पत्र्याने बंद केलेली, एवढंच सांगता आलं. सरांनी सगळीकडे कळवलं आहे, पोलिसांनाही. दोनदा फोन आले, दोन्ही वेळा दुसरीच गाडी निघाली.

बंद गाडी आतून किती तापते ते मी मोजलं. काल सरांची गाडी मैदानात उभी करून आत तापमापक ठेवला, काचा लावल्या आणि दर दहा मिनिटांनी बाहेरून वाचलं. बाहेर त्रेचाळीस होते. चाळीस मिनिटांत आत एकोणसाठ झाले. मी आकडा वहीत लिहिला आणि वस्तादला दाखवला.

आता रस्त्याने जाताना मी सगळ्या पांढऱ्या गाड्यांच्या मागे वळून बघते. बाजारात, शाळेसमोर, जिथे माणसं उतरतात आणि गाडी उन्हात सोडून चहा प्यायला जातात तिथे. आज भाजी घ्यायला थांबले तर समोर एक उभी होती. मी पिशवी टाकून पळत गेले, मागे फिरून बघितलं. दोन्ही काचा शाबूत होत्या. आतल्या माणसाने विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, गाडी सावलीत लावा.

त्याने लावली नाही.

तुझी ठकू